कोल्हापुरीला इटलीचं गिऱ्हाईक

"चौऱ्याऐंशी हजारात किती जोड बसतात, सांगा बगू बाई?"

आक्कांनी भिंतीपलीकडून गणित घातलं. जन्मभर मी पोरांना गणितं घातली. निवृत्तीनंतर मला गणितं घालणारं माणूस शेजारीच निघालं. मी हिशेबाला लागायच्या आत उत्तरही तिकडूनच आलं. "आमचा साधा जोड दुकानदार आठशे चाळीसला उचलतो, असं धरा. शंभर जोड! आन् त्येंच्याकडं तेवढ्यात एकच."

आमच्या दोघींच्या मध्ये छातीएवढी भिंत. त्यांच्या बाजूला उन्हात घातलेले चपलांचे तळ, माझ्या बाजूला तुळस, खुर्ची आणि पेपर. पेपर मी वाचते, बातमी आक्का सांगतात, अशी वाटणी आहे. कोल्हापूरच्या या सुभाषनगरात घराघरांतून रापी चालते, त्यामुळं चपलेची बातमी पेपरात छापून येईस्तोवर इथं शिळी झालेली असते.

"त्येंच्याकडं" म्हणजे प्राडाकडं, हे सांगायला नको. इटलीच्या या बड्या कंपनीचं नाव आमच्या गल्लीत आता जावयासारखं घेतात, कौतुकानंही आणि दात-ओठ खाऊनही. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन वीकमध्ये त्यांच्या पुरुष मॉडेलांच्या पायांत सरळसरळ कोल्हापुरी दिसली, अंगठ्यासकट. वर्णनात लिहिलं होतं ‘लेदर सँडल’. कोल्हापूरचं नाव नाही, मग कारागिराचं कुठून असणार? पुढं जो गहजब झाला तो सगळ्यांनी पाहिला.

"फोटू मोबाईलवर आला त्या राती आमच्या मालकांनी जेवान केलं न्हाई," आक्का म्हणाल्या.

"रागानं?"

"कुटला राग! फोटू मोठा करून करून बगत बसले. म्हटलं, काय बगतासा एवढं, त्या पोरांची तोंडं? तर म्हणं, टाकं मोजालोय."

महाराष्ट्र चेंबरच्या ललित गांधींनी कंपनीला पत्र धाडलं. कंपनीच्या लोरेन्झो बर्तेल्लींनी उत्तरात कबूल केलं की ही चप्पल भारताच्या परंपरेतून सुचलेली आहे. जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात कारागिरांकडं येऊन गेली. मध्येच काही वकील मंडळी जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली होती, ती न्यायालयानं जुलैतच फेटाळली. ज्यांच्या नावावर भौगोलिक मानांकन आहे त्यांनी तक्रार करावी, तुम्ही कोण, असा एकूण सूर. मानांकन आहे दोन सरकारी महामंडळांच्या नावावर, महाराष्ट्राचं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचं लिडकर. अखेर 11 डिसेंबरला मुंबईत इटलीच्या वकिलातीत याच दोघांबरोबर प्राडानं करार केला. ठरलं ते असं: 2,000 जोड, किंमत आठशे युरोच्या आसपास, म्हणजे आक्कांचे ते चौऱ्याऐंशी हजार, फेब्रुवारी 2026 पासून जगभरातल्या 40 दुकानांत आणि ऑनलाईन. भांडण सुरू झालं त्याला सहा महिनेही पुरे झाले नव्हते. आपल्याकडं बांधाचं भांडण सहा महिन्यांत तलाठ्यापर्यंतसुद्धा पोचत नाही.

"ती मानसं आली तवा तुमच्याकडं आली होती का हो?" मी विचारलं.

"आमच्या दारापतूर काय आली न्हाईत. पर त्या वक्ताला गल्लीतला एकूणएक गडी सकाळी आठाला कामाव बसलेला! एरवी ह्येच चहाच्या गाड्याव अकरापतूर राजकारण करत्यात. आन् पलीकडची काकू, जिला मी कवा लुगडं बदललेलं बगितलं न्हाई, ती पैठणी नेसून कातडं भिजवालीया." आक्का पदर तोंडाला लावून हसल्या. "मी म्हटलं, काकू, फोटूत पैठणी येईल, पर हाताचा रंग?"

हा हाताचा रंग म्हणजे सालीचा. खरी कोल्हापुरी बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेल्या कातड्याची. जुनी पद्धत मोठी बघण्यासारखी आहे. कातडं पिशवीसारखं शिवायचं, त्यात कुटलेली साल आणि हिरड्याचं पाणी भरायचं आणि पिशवी टांगून ठेवायची. पाणी कातड्यातून झिरपत खालच्या भांड्यात ठिबकतं, ते पुन्हा वरून ओततात. असं दिवसेंदिवस. मग ते कातडं असं काही होतं की त्याला खिळा लागत नाही, चामड्याच्याच वादीनं तळ शिवला जातो. पहिल्यांदा घातली की चावते, हे कुणी सांगायला नको. तेल पाजून, दमानं घालून तिला पायाशी जुळवून घ्यावं लागतं. मग दहा वर्षं हलत नाही. पावसात मात्र घालू नये. घातली तर आक्कांच्या मालकांकडं दुरुस्तीला नेऊ नये, ते चपलेआधी माणसाला दुरुस्त करतात.

"दिवाळीला चप्पल लायनीत काय झालं सांगू?" आक्कांनी आवाज खाली आणला. गप्पांतली चांगली गोष्ट नेहमी खालच्या आवाजातच येते. "मुंबईचं गिऱ्हाईक आलं, म्हणं प्राडावाली दाखवा. दुकानदारानं आमचाच जोड फुडं सरकवला, जो आमचं मालक तीस वर्सं करत आलेत. ती बाई म्हणाली, व्हय व्हय, हीच! मोबाईलातल्या फोटूसंगं ताडून बगितली. दीडशे रुपये जास्त देऊन गेली. मालकांना कळलं तवा म्हणं, प्राडाला पेढं धाडू या."

"म्हणजे झाला ना फायदा?"

"झाला की. पर दुकानदाराला दीडशे. आमाला पेढ्याचा इचार."

हेच तर आहे. गेल्या सहा-आठ महिन्यांत या धंद्याचं नाव जेवढं झालं तेवढं आधीच्या साठ वर्षांत झालं नसेल. नाव कोल्हापूरचं झालं, महामंडळाचं झालं, इटलीच्या कंपनीचं तर होतंच. एका जोडामागं माणसं किती असतात आणि त्यांतल्या कुणाचं नाव कुठं लागतं, हा विषय निघाला की आक्कांचा हात चालायचा थांबतो. एरवी त्या बोलताना कधी रिकाम्या नसतात. आत्ताही बोटांत वेणी होती. शेळीच्या कातड्याच्या सुतासारख्या बारीक पट्ट्या, पाण्यानं नरम केलेल्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलेलं, आणि दहा बोटं अशी फिरत होती की नजर ठरेना. मध्येच एक पट्टी जाडसर लागली तर त्यांनी न बघता ती दातानं ओढून काढली आणि दुसरी घातली. पट्ट्यावरची ही वेणी सरळ बसली तर चप्पल देखणी, एक पेड ढिला पडला तर महिन्यात उसवते. वेणी, गोंडे, वरच्या पट्ट्याची नाजूक शिलाई ही कामं घरोघर बायकाच करतात. कातडं कापणं, तळ जोडणं, ठोकणं गडीमाणसांकडं. विकायला जातात तेही तेच. त्यामुळं दुकानदाराच्या वहीत नाव असतं पुरुषाचं.

"माझं माहेर अथणीचं," आक्का म्हणाल्या. हे त्या महिन्यातून एकदा तरी सांगतातच. "तिकडं बायकांनी पंचवीसेक वर्सांमागं बचत गट केलं, टोहोल्ड म्हणून नाव दिलं, आन् चपला थेट परदेशाला धाडल्या. माझी चुलत भैन त्या वक्ताला बँकेत सही करायला शिकली. आमी हितं अजून मालकांनी दिलेलं मोजून घ्यालोय."

अथणीचा उल्लेख आला की आमच्या गल्लीतल्या काही अभिमानी मंडळींना ठसका लागतो. कोल्हापुरी म्हणून विकली जाणारी कितीतरी चप्पल कर्नाटकातल्या अथणी, निपाणीकडं तयार होते, हे सत्य इथं कुजबुजत बोलायचं असतं. 2019 साली जे मानांकन मिळालं तेही आठ जिल्ह्यांना मिळून आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकाचे चार. सीमाप्रश्नावर दोन राज्यं कोर्टात, पण चपलेच्या दाखल्यावर दोघांच्या सह्या. आक्का तर म्हणतात, "आमच्या घरात रोजच सीमाप्रश्न असतो. सासू मराठीत वरडायची, मी कानडीत उत्तर द्यायचो, तिला कळायचं न्हाई, भांडण मिटायचं."

कातड्याची रड मात्र दोन्हीकडं आहे. 2015 मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी बैलांपर्यंत गेली, तेव्हापासून जवळचा माल कमी झाला. आता म्हशीच्या कातड्यावर भागवायचं, आणि पुष्कळसं तमिळनाडूकडून कमावलेलं येतं. भाव त्यांनी सांगायचा, आपण मान हलवायची. या विषयावर आक्का फार बोलत नाहीत. एकदाच म्हणाल्या होत्या, "कातडं म्हाग झालं तर चप्पल म्हाग हुत न्हाई बाई, मजुरी स्वस्त हुती." त्यानंतर मी पेपरातल्या अर्थविषयक पानाचं वाचन थोडं कमी केलं.

"मिरजेची बातमी कळली का?" आक्कांनी विषय बदलला. त्यांची नणंद मिरजेत दिलेली, घर सतारमेकर गल्लीला लागून. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून नणंदबाईंचे फोन वाढले आहेत. "म्हणती, वैनी, तुमचं चपलेचं झालं, आता आमच्या भोपळ्याचं झालं!"

भोपळा हे काही गमतीनं म्हटलेलं नाही. सतार-तंबोऱ्याचा भोपळा सोलापूर-पंढरपूरकडच्या शेतांतून येतो, मोठाच्या मोठा, कडू, खायच्या कामाचा नाही. तो वाळवतात, मापानं कापतात, भिजवून आकार देतात आणि मग त्यावर दांडी चढते. सगळ्यात अवघड काम शेवटी येतं. घोडीवर तार जिथं टेकते तिथं कानसीनं केसभर घासत जायचं आणि तंबोऱ्याच्या तारेखाली सुताचा धागा सरकवत सरकवत ‘जवारी’ काढायची. धागा नखभर इकडे झाला तर तार मुकी, नखभर तिकडे झाला तर झणझण. हे मापानं होत नाही, कानानं होतं. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून हे काम सुरू झालं, फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातलं आद्य नाव. तलवारींना गिऱ्हाईक कमी झालं तेव्हा त्या हातांनी सूर धरला. पुढं अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, 1937 साली ते गेले, दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ अजून गाणं होतं. एवढा सगळा वारसा, पण नणंदबाईंची तक्रार भलतीच आहे.

"म्हणती, आता गाणारी पोरं मोबाईलाव तंबोरा लावत्यात. बटण दाबलं की सा-पा-सा. तंबोरा कोण उचलून न्हेतोय?" आक्कांनी वेणी उजेडात धरून बघितली. "मी म्हटलं, बाई गं, तुमचा तंबोरा मोबाईलात गेला. आमचं बरं हाय, मोबाईल पायात घालता येत न्हाई."

यावर मी एवढी हसले की चहा सांडला. पण मिरजेतली नवी पिढी हातावर हात धरून बसलेली नाही. प्रवासात नेता येतील असे छोटे तंबोरे निघालेत. नणंदेचा पुतण्या म्हणे इंजिनिअरिंग करून परत गल्लीत आला आणि वाद्यांचे फोटो काढून बाहेरदेशी विकतो. "पैलं घरच्यांनी तोंड फिरवलं. आता त्याच्याच मोबाईलाव आर्डर येती, तर सगळी त्येच्या मागं चहा घेऊन फिरत्यात."

माझ्याकडंही एक बातमी होती. नेहमी आक्काच का सांगणार? मुंबईत सुधीर राजभर नावाचे कलावंत आहेत. त्या 2015 च्या बंदीनंतर धारावीतल्या चामड्याच्या कारागिरांचं काम बसलं, तेव्हा त्यांना जोडीला घेऊन त्यांनी जुन्या टायर-ट्यूबांच्या रबरापासून पिशव्या आणि पुढं खुर्च्या करायला घेतल्या. 2024 च्या डिसेंबरात त्या खुर्च्या अमेरिकेत मायामीच्या डिझाईनच्या मोठ्या मेळ्यात गेल्या आणि गायिका रिहानाचा त्यांतल्या एका खुर्चीत बसलेला फोटो जगभर फिरला. स्टुडिओचं नाव त्यांनी ठेवलंय ‘चमार स्टुडिओ’.

आक्कांचा हात थांबला. "काय म्हटलासा?"

मी पुन्हा सांगितलं.

"ह्ये पाटीवर लिवलंय? विंग्रजीत?"

"इंग्रजीत. पिशवीवरसुद्धा."

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांना ह्या नावानं हाक मारली की ते घरात येऊन भांडी आपटायचे. आन् आता ती बाई त्येच नाव लिवलेल्या खुर्चीत बसती." जरा थांबून: "बरं केलं त्या पोरानं. खुर्ची केवढ्याला?"

किंमत मी पाहिली नव्हती. आक्कांना ते पटलं नाही. बातमी सांगणाऱ्यानं भाव काढून ठेवायला हवा, हा त्यांचा नियम आहे, आणि तो पत्रकारितेच्या वर्गात शिकवायला हरकत नाही.

मग आमच्या कोपऱ्यावरच्या पोराचं निघालं. पुण्यात कुरिअर कंपनीत होता, दिवाळीनंतर परत आला आणि वडिलांबरोबर बसून चपला करतो. नुसत्या जुन्या नव्हेत. कापशी घाट तोच, पण तळ हलका, आतून मऊ, शहरातल्या पोरींना आवडेल अशा रंगांत. सोशल मीडियावर दाखवून विकतो. पोरगा गुणी. अडलंय कुठं, तर लग्नात.

"गडहिंग्लजकडचं स्थळ आलं हुतं. पोरीच्या बापानं इचारलं, करतो काय? ह्येच्या आयनं सांगितलं, चपलांचा धंदा हाय. बाप गप. मंग मामा मधी पडला, म्हणं, आवो, इटलीच्या कंपनीला माल जाणार हाय ह्येच्याकडचा! तर बापाचा चेहरा उजळला. म्हणं, म्हंजे पोरगा इटलीला जाणार?"

"मग?"

"मग काय, मामानं व्हय म्हटलं. आता पोरगा मामाव भडकलाय. म्हणतो, मी पुणं सोडून हितं आलो, आन् ह्यो मला मिलानला धाडतोय." आक्कांनी डोळे मिचकावले. "पर पोरगी हुशार निघाली. तिनं त्याला थेट फोन केला. इचारलं, महिन्याला जोड किती जातात आन् हिशोब कोण ठेवतं? मी म्हटलं ह्येच्या आयला, करून टाक. तुला सून न्हाई, मॅनेजर मिळालीया."

दुसरी नवलाई त्या चौकोनी कोडाची. मागच्या वर्षी प्राडाचा गवगवा चालू असतानाच चर्मोद्योग महामंडळानं खऱ्या कोल्हापुरीवर क्यूआर कोड लावायला घेतला. मोबाईल धरला की चप्पल कुणी केली, कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या पद्धतीनं, माल काय वापरला, हे दिसतं. चांगली गोष्ट आहे. रस्त्यावर कोल्हापुरी म्हणून जे रेक्झिन विकतात त्याला तेवढाच आळा. कोपऱ्यावरच्या पोरानं आक्कांना त्यांच्या शेजारच्या घरातला एक जोड असा उघडून दाखवला.

"नाव आलं, गाव आलं, समदं आलं. मी म्हटलं, वेणी कुणी घातली त्ये कुटं दिसतंय? त्यो म्हणतो, आक्का, तेवढी जागा न्हाई."

"जागा नसते का कधी? विचारलं नसेल कुणी."

"तेच म्हणालोय मी. म्हणून तर आलो." आणि आक्कांनी भिंतीवरून एक घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला. बातम्या संपल्या होत्या. काम आता निघालं होतं. तो केंद्र सरकारच्या कारागीर ओळखपत्राचा, ‘पहचान’ कार्डाचा अर्ज होता.

"पण विश्वकर्मा योजनेत तुमच्या घरचं नाव आहे ना?"

"मालकांचं हाय. ट्रेनिंगला रोज पाचशे मिळालं, हत्यारांना पंधरा हजार. त्या योजनेत घरातलं एकच मानूस बसतं. मी इचारलं, दोगंबी करतोय की. तर म्हणं नियम हाय." त्यांनी खांदे उडवले. 2023 पासूनची ही योजना, अठरा पारंपरिक धंद्यांना लागू, पण नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं मिळून एक कुटुंब आणि कुटुंबात लाभ एकालाच. दोघांच्या हातांनी होणाऱ्या धंद्यात तो एक कोण, हे आपल्याकडं विचारावं लागत नाही. "ह्या कार्डाला तसं काय न्हाई म्हणतो त्यो पोरगा. ज्येचं त्येनं काढायचं. आता प्राडाच्या करारात ट्रेनिंग बी हाय म्हणत्यात. उद्या नावं मागितली तर मालकांच्या नावामागं किती दिस लपू?"

मी चष्मा लावला, पेन घेतलं आणि भिंतीवरच कागद पसरला. नाव, वय, पत्ता, आधार. जातीचा रकाना आक्कांनी न अडखळता सांगितला. शिक्षण सातवी, कानडी माध्यम, हेही ठणकावून. मग आलं ‘व्यवसायातील भूमिका’. मी विचारलं आणि आतून, ऐरणीपाशी बसलेल्या मालकांचा आवाज आला, "मदतनीस ल्ह्या, बाई!"

आक्कांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

"कारागीर ल्ह्या. आन् काम काय करतो त्येला जागा किती हाय?"

"दोन ओळी."

"वेणी. तीन पेडी, सात पेडी, दोनी येतात म्हणून ल्ह्या. गोंडा. पट्ट्याची शिलाई. अंगठ्याची पट्टी. कातडं भिजवणं. तळाला रंग. मापं घेणं, कारण ह्येंना बायांची मापं घ्यायला लाज वाटती. गिऱ्हाईकाची बोलणी खाणं..."

"आक्का, दोन ओळी संपल्या."

"मंग कागद उलटा करा की."